दहावीनंतरचे तीन महिने वर्कशॉपला: एका मामांच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न कोल्हापूरच्या एका मामांचा आहे. थोरला भाचा १६ वर्षं ४ महिन्यांचा. दहावीची परीक्षा झाली, आयटीआयला मशिनिस्ट किंवा टर्नरला नंबर लागेल अशी आशा आहे. तोवरचे तीन महिने शिरोली एमआयडीसीत ओळखीच्या माणसाच्या वर्कशॉपमध्ये जायचं म्हणतोय. महिना दहा हजार, वेळ सकाळी आठ ते रात्री आठ. ताई नको म्हणते, दाजी म्हणतात, "जाऊ दे, हात चालायला लागेल." धाकटा भाचा १२ वर्षांचा. तो मेमध्ये मामाकडे येतो आणि एसटी स्टँडजवळच्या मामाच्या रसवंतीवर दिवसभर रमतो. हे दोन्ही कायद्यात बसतं का, आणि बसत असेल तर काय बघून पाठवायचं?

मी सव्वीस वर्षं सेफ्टी ऑफिसर म्हणून काढली. आधी प्रेस शॉप (पत्रा दाबून पार्ट काढायचं खातं), नंतर फाउंड्री (ओतकाम), आता छोट्या कारखान्यांचं ऑडिट करतो. त्यामुळे कायदा सांगेन, पण मशीनच्या बाजूने सांगेन.

आधी थोरला. "बालकामगार म्हणजे १४ च्या आतला, आमचा सोळाचा आहे, मग काय अडचण?" असं बहुतेकजण म्हणतात. २०१६ पर्यंत ते बऱ्याच अंशी खरं होतं. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि १४ ते १८ हा एक वेगळा गट तयार झाला. त्याला कायद्यात किशोरवयीन म्हणतात. १४ च्या आतल्या मुलाला कुठेच कामावर ठेवता येत नाही, दोन अपवाद सोडून. किशोरवयीनाला ठेवता येतं, पण धोकादायक ठरवलेल्या कामांवर अजिबात नाही. म्हणजे तुमच्या भाच्याचं वय हा प्रश्न अर्धाच आहे. उरलेला अर्धा प्रश्न असा की त्या वर्कशॉपमध्ये नेमकं काय चालतं.

आणि शिरोली म्हटल्यावर मला पहिल्यांदा फाउंड्रीच आठवते. शिरोली, गोकुळ शिरगाव या भागाचं पोटच ओतकामावर चालतं. धोकादायक प्रक्रियांच्या यादीत फाउंड्री आहे. कास्टिंग, फोर्जिंग, वाळूच्या माऱ्याने कास्टिंग साफ करणं हे सगळं त्यात येतं. इलेक्ट्रोप्लेटिंग आहे, बॅटरी बनवणं आणि दुरुस्त करणं आहे, रंग बनवणं आहे. लोकांना माहीत नसतं अशी एक गोष्टही आहे: धातूचं ग्राइंडिंग. खाणी आणि स्फोटकं तर आहेतच. यापैकी काही तिथे चालत असेल तर मालक कितीही भला असो, १८ पूर्ण होईपर्यंत त्या कामावर भाचा नको. ओतलेल्या कास्टिंगवरची वाळू झाडण्याचं काम नवीन पोराला "हलकं काम" म्हणून दिलं जातं. हात कापत नाही, वजन उचलायचं नाही, म्हणून हलकं. पण त्या धुळीतली सिलिका फुप्फुसात बसते आणि पंचवीस वर्षांनी दम लागायला लागतो. तोवर वर्कशॉपही बंद झालेलं असतं.

समजा, फाउंड्री नाही. लेथ, ड्रिल, मिलिंग, थोडं फिटिंग असं साधं मशीन शॉप आहे. मग वेळेचा मुद्दा येतो. इथे एक बारकावा आहे, तो बऱ्याच सल्लागारांच्याही लक्षात राहत नाही. किशोरवयीनांच्या कामाच्या तासांचे बालकामगार कायद्यातले नियम दुकान, हॉटेल, छोटं वर्कशॉप यांना लागू होतात. कारखाना म्हणून नोंदलेल्या जागेला वेगळे नियम होते: सरकारमान्य डॉक्टरचा योग्यतेचा दाखला, त्याचं टोकन, रात्रीची बंदी. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या. १९४८ चा कारखाने कायदा त्यातल्या एका संहितेत विरघळला आणि कारखाना म्हणायची मर्यादाही वाढली. विजेवर चालणाऱ्या जागेत मूळ केंद्रीय कायद्यात १० माणसं लागायची, आता २० लागतात. बालकामगार कायदा मात्र या संहितांच्या बाहेर, आपल्या जागी तसाच आहे. तुमच्या ओळखीच्या माणसाकडे आठ-दहा जण असतील तर ते वर्कशॉपच धरायचं.

मग तिथे नियम असा: सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नाही. तीन तासांनंतर किमान एक तासाची विश्रांती. विश्रांती धरून, कामाची वाट बघत बसलेला वेळही धरून, दिवसाचा सगळा पसारा सहा तासांच्या आत. संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम नाही. ओव्हरटाइम नाही. त्याच दिवशी दुसरीकडेही काम नाही. आठवड्याला एक सुट्टी. गणित करा. सकाळी नऊला आला तर बाराला सुट्टी, एकला पुन्हा कामावर, तीनला घरी. प्रत्यक्ष काम पाच तास. आठ ते आठ हा हिशोब कुठेच बसत नाही. मालकाला हे सांगितलं की तो हसतो. मी अनेकांना हसताना पाहिलंय. त्याचंही एका परीने खरं आहे, पाच तासांच्या पोराचं त्याला काय करायचं? पण मग त्याने मोठा माणूस ठेवावा.

मालकाने आणखी तीन गोष्टी करायच्या असतात, आणि त्या केल्या की नाही यावरून माणूस ओळखता येतो. किशोरवयीन कामावर ठेवल्याचं निरीक्षकाला ३० दिवसांच्या आत लेखी कळवायचं. एक रजिस्टर ठेवायचं, त्यात मुलाची जन्मतारीख, कामाची वेळ, विश्रांतीची वेळ. आणि कायद्याची नोटीस दिसेल अशी लावायची. ऑडिटला गेल्यावर मी आधी रजिस्टर मागतो. "आहे, पण अकाउंटंटकडे आहे" हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्याच्यापुढे वाद घालत नाही.

वयाबद्दल एक इशारा. काही ठेकेदार पोरालाच सांगतात, "अठरा पूर्ण लिही, कागदाचं मी बघतो." पोराला बरं वाटतं, मोठा झाल्यासारखं. त्या एका आकड्याने तो बारा तासांच्या, रात्रपाळीच्या, प्रेसच्या कामाला पात्र ठरतो. शाळा सोडल्याच्या दाखल्याची झेरॉक्स तुम्ही स्वतः नेऊन द्या आणि तिच्यावर मालकाची सही-तारीख घेऊन एक प्रत घरी ठेवा. वयाबद्दल वाद झाला आणि कागद नसला तर वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला लागतो. त्या हेलपाट्यात महिने जातात.

आता खरं सांगायचं ते.

माझ्या नोकरीच्या सातव्या-आठव्या वर्षीची गोष्ट. कारखान्याचं नाव सांगत नाही. सुट्टीत एक सतरा वर्षांचा मुलगा आला होता, एका जुन्या कामगाराच्या नात्यातला. त्याला पॅकिंगला ठेवलं होतं. तयार वॉशर मोजून पिशव्यांत भरायचे, बस. महिनाभर नीट चाललं. एका दुपारी प्रेसचा ऑपरेटर चहाला निघाला आणि जाता जाता म्हणाला, "जरा चार पीस मार रे, बॉक्स भरायला कमी पडतायत." मुलाने पाहिलं होतंच, पेडल दाबलं की पीस पडतो. तिसऱ्या पिसाला पाय पेडलवर राहिला आणि हात डायमध्ये, म्हणजे साच्यात. दोन बोटं गेली. अपघाताच्या फॉर्मवर कारणाच्या रकान्यात "कामगाराचा निष्काळजीपणा" असं लिहिलं गेलं. त्याखाली सही माझी होती.

त्यानंतर मी जिथे जिथे अपघात तपासले तिथे एक प्रश्न विचारायला लागलो: जखमी झालेल्याला त्या क्षणी कोणतं काम नेमून दिलं होतं? पोरांच्या बाबतीत उत्तर जवळपास नेहमी सारखंच यायचं. नेमून दिलेलं काम वेगळंच होतं, कुणीतरी "जरा" सांगितलेलं होतं. जरा मशीन चालू असतानाच फडकं मार. जरा ग्राइंडरवर बरी, म्हणजे कडेची धार, काढ. जरा स्कूटर घे आणि हे पार्ट प्लेटिंगवाल्याकडे टाकून ये. कायद्याचं वाक्य मुलाला काय काम देता येईल ते सांगतं, पण "जरा" या शब्दाला रजिस्टरमध्ये रकाना नसतो.

प्रेसचंच घ्या. छोट्या वर्कशॉपमध्ये जुनी सी-फ्रेमची पॉवर प्रेस असते, बहुतेक वेळा चावीच्या क्लचची. पेडल दाबलं की चावी फ्लायव्हीलमध्ये (फिरत्या जड चाकात) अडकते आणि रॅम, म्हणजे वरून खाली येणारा भाग, एक पूर्ण फेरी मारूनच थांबतो. मधे थांबवता येतच नाही. म्हणून अशा प्रेसवर कुणी हौसेने प्रकाशाच्या पडद्याचा सेन्सर लावला तरी उपयोग शून्य. सेन्सरने हात पाहिला, पण रॅम थांबणार कशाने? चावी किंवा स्प्रिंग झिजली की पेडल सोडल्यावरही रॅम दुसऱ्यांदा खाली येतो. त्याला डबल स्ट्रोक म्हणतात, आणि तो कधी येईल हे तीस वर्षांचा अनुभवी ऑपरेटरही सांगू शकत नाही. अशा प्रेसला उपाय एकच: डायभोवती पक्कं, बंद गार्ड. त्याच्या फटीतून पीस जातो, बोट जात नाही. जुन्या कारखाने कायद्याच्या कलम २३ मध्येच होतं की पॉवर प्रेस, मिलिंग, गिलोटिन यांसारख्या धोकादायक मशीनवर कोवळ्या वयाच्या कामगाराला पूर्ण शिकवल्याशिवाय आणि जाणकाराच्या देखरेखीशिवाय उभं करायचं नाही. आणि कलम २२ मध्ये, चालू मशीनची साफसफाई, ऑइलिंग, ॲडजस्टमेंट त्यांच्याकडून करून घ्यायची नाही. संहितेमुळे जुनी कलमं गेली. प्रेस आहे तशीच आहे.

माझं वैयक्तिक मत कायद्यापेक्षा कडक आहे. पॉवर प्रेस असलेल्या शेडमध्ये १८ च्या आतला मुलगा कुठल्याच कामाला नको, पॅकिंगलाही नको. कारण वर सांगितलं.

लेथ आणि ड्रिलच्या शॉपमध्ये चार सवयी लागतात. त्या पहिल्या आठवड्यात लागल्या तर लागतात, नाहीतर पुढे ओरडून लावाव्या लागतात. चक (लेथचा पकडणारा जबडा) घट्ट केल्यावर चकची चावी हातातून सुटायचीच नाही, ती जागेवर टांगूनच मशीन सुरू करायची. चावी चकमध्ये राहिली आणि मशीन सुरू झालं तर ती गोळीसारखी येते. फिरत्या मशीनवर हातमोजे घालायचे नाहीत. हे ऐकून पालक गोंधळतात, त्यांना वाटतं हातमोजे म्हणजे सुरक्षितता. ड्रिलचा बिट मोज्याचा एक धागा पकडतो आणि मनगटासकट ओढून नेतो. उघड्या हाताला खरचटतं, मोजा घातलेला हात गुंडाळला जातो. चिप (कापून निघालेला धातू) हाताने काढायची नाही, ब्रशने किंवा हुकने. आणि ड्रिल करताना जॉब (ज्यावर काम चालू आहे तो तुकडा) हातात धरायचा नाही, व्हाइसमध्ये पकडायचा. बिट आरपार जाताना जॉबला हिसका बसतो आणि तो पंख्यासारखा फिरतो.

पॉलिश पेपरबद्दल वेगळं सांगतो, कारण हे मी दोनदा डोळ्यांनी पाहिलंय. फिरत्या जॉबला चकाकी आणायला पोरं एमरीची पट्टी बोटाभोवती गुंडाळून धरतात. कागद जॉबवर अडकला की बोटही सोबत जातं. पट्टीची दोन टोकं दोन हातांत धरायची, गुंडाळायची कधीच नाही. आयटीआयचे जुने इन्स्ट्रक्टर यासाठी छडी मारायचे. छडी मला पटत नाही, पण त्या बॅचमधल्या एकाचंही बोट गेलेलं मला आठवत नाही.

स्कूटरचं "जरा" तर मालकाला आणि तुम्हाला दोघांनाही महागात पडतं. १६ व्या वर्षी लायसन्स मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. आज रस्त्यावरची जवळजवळ प्रत्येक स्कूटर शंभर सीसीच्या वर. अल्पवयीनाने गाडी चालवताना गुन्हा घडला तर २०१९ च्या दुरुस्तीपासून गाडीचा मालक किंवा पालक जबाबदार धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. आयटीआय करून बाहेर पडणाऱ्या पोराला २५ पर्यंत गाडी नाही म्हणजे निम्म्या नोकऱ्या हातच्या गेल्या.

"शिकायला ठेवतो" आणि "अप्रेंटिस म्हणून घेतो" यात फरक आहे. शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार अप्रेंटिस होण्याचं किमान वय १४, धोकादायक उद्योगांच्या ट्रेडला १८. त्यासाठी करार लागतो. मुलगा अज्ञान (१८ च्या आतला) असेल तर पालकाची सही लागते आणि तो करार सरकारी पोर्टलवर नोंदवावा लागतो. अप्रेंटिसला ओव्हरटाइम शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या परवानगीशिवाय नाही, आणि काम करताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची. कागद नसताना कुणी "आमच्याकडे अप्रेंटिस आहे" म्हणत असेल तर तो अप्रेंटिस नाही, कमी पगाराचा हेल्पर आहे. आयटीआय झाल्यावर भाच्याने खरी अप्रेंटिसशिप जरूर करावी, त्याला पर्याय नाही.

दाजींच्या म्हणण्यालाही उत्तर द्यायला हवं, कारण "पोराने हाताने काम करू नये" असं मला म्हणायचं नाही. आपण कोल्हापूरची माणसं. कुंभोजला जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले इथे रयत शिक्षण संस्था काढली आणि कमवा आणि शिका हे महाराष्ट्राच्या अंगात भिनवलं. आजही विद्यापीठांत त्या नावाची योजना चालते, मुलं ग्रंथालयात, बागेत, कार्यालयात काही तास काम करून शिकतात. पण त्या शब्दांचा क्रम मालक लोक सोयीने उलटा वाचतात. तिथे काम शिक्षणाच्या पोटात होतं, वसतिगृहाचा वेळ सांभाळून होतं. बारा तासांच्या शिफ्टनंतर घरी येऊन जेवतानाच झोपणारं पोर काय शिकणार? तीन महिन्यांत त्याला व्हर्नियर आणि मायक्रोमीटर अचूक वाचता आलं, ड्रॉइंग समजायला लागलं, फाइल (कानस) सपाट चालली, तरी तो आयटीआयच्या पहिल्या वर्षात पुढे असेल. त्यासाठी पाच तास पुरतात.

अपघात झालाच तर काय, हे कुणी विचारत नाही. अशुभ वाटतं. मी सांगतो.

वय कमी होतं म्हणून भरपाईचा हक्क जात नाही. कर्मचारी भरपाईच्या १९२३ च्या कायद्यात अज्ञान कामगाराचा विचार आधीपासूनच होता आणि तो तक्ता आता सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे. गणित असं चालतं: कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर महिन्याच्या पगाराच्या ६० टक्के गुणिले वयाचा गुणांक. सोळाव्या वर्षाचा गुणांक २२८.५४, सगळ्या वयांत सर्वांत मोठा, कारण पुढे आयुष्य सगळ्यात जास्त उरलेलं असतं. दहा हजार पगारावर ते १३ लाख ७१ हजार २४० रुपये होतात. अवयव गेला तर त्याची टक्केवारी ठरलेली आहे. अंगठा गेला तर ३० टक्के, म्हणजे ४ लाख ११ हजार ३७२. पूर्ण तर्जनी गेली तर १४ टक्के, पावणेदोन लाखांच्या वर. हा हिशोब पाठ ठेवा, कारण अपघाताच्या रात्री दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये मालक पन्नास हजारांचं पाकीट आणि कोरा कागद घेऊन येतो. तो रडतही असतो, आणि ते रडणं खोटं नसतं. तरीही सही करायची नाही. अज्ञान मुलाच्या भरपाईचा परस्पर समझोता कायद्याला मान्य नाही, रक्कम सक्षम अधिकाऱ्याकडे जमा व्हावी लागते. वर्कशॉप ईएसआयसीत (कर्मचारी राज्य विमा योजनेत) असेल तर उपचार आणि अपंगत्वाचा लाभ तिथून मिळतो. म्हणून पहिल्याच दिवशी मुलाच्या नावाचा ईएसआयसी नंबर मागून ठेवा.

आणि बोट तुटलं तर, डॉक्टरकडे पोचण्याआधी तुमच्या हातात काय आहे ते लक्षात ठेवा. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरायचा. तुटलेलं बोट ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून कोरड्या प्लास्टिकच्या पिशवीत घालायचं, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. बोट थेट बर्फावर ठेवायचं नाही, पाण्यात बुडवायचं नाही. लोक घाईत बर्फाच्या तुकड्यांतच बोट टाकतात, पेशी गोठतात आणि मग जोडणारा सर्जन असूनही जोडता येत नाही.

आता धाकटा, आणि तुमची रसवंती.

१४ च्या आतल्या मुलांसाठीचे जे दोन अपवाद म्हटले, त्यातला एक कलावंत मुलांचा आणि खेळाडूंचा, तो इथे नको. दुसरा कुटुंबाला मदत करण्याचा. आणि गंमत बघा, कायद्याने कुटुंबाची व्याख्या करताना आई, वडील, भाऊ, बहीण यांच्या बरोबर वडिलांची बहीण-भाऊ आणि आईची बहीण-भाऊ असं लिहिलंय. म्हणजे आत्या, काका, मावशी आणि मामा. तुमचा उल्लेख कायद्यात आहे! मेमध्ये मामाच्या गावाला आलेल्या भाच्याने मामाच्या धंद्याला हात लावला तर ते आपोआप बालमजुरी ठरत नाही.

पण "मदत" या शब्दाला कुंपण घातलं आहे. शाळेनंतर किंवा सुट्टीत. संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत नाही. विश्रांती सोडून दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त नाही. धोक्याचं काम नाही, आणि कमाईच्या उत्पादन-विक्रीच्या साखळीत त्याला जुंपायचं नाही. म्हणजे ग्लास आणून देणं, आजोबांना पाणी देणं, थोडा वेळ तुमच्या शेजारी बसून सुट्टे मोजणं हे मामाकडे राहायला आलेल्या पोराचं लुडबुडणं झालं. माणूस ठेवायचं वाचवून त्याला दिवसभर काउंटरवर उभं करणं वेगळं झालं. दिवसभर रमतो असं तुम्ही लिहिलंय, ते तीन तासांवर आणा. शिवाय स्टँडजवळच्या रसवंतीला खरी गर्दी रात्री साडेसात-आठनंतर, जेवणं झाल्यावर. त्या वेळी तो घरी.

चरकाजवळ मात्र तो एक मिनिटही नको. घुंगरं वाजतायत, रोलर संथ फिरतायत, म्हणून चरक निरुपद्रवी वाटतो. तो संथ असतो म्हणूनच हात सोडत नाही. पहिल्यांदा पूर्ण ऊस घालताना हात दूर असतो. खरा धोका दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला: चिपाड दुमडून, त्यात आलं-लिंबू ठेवून पुन्हा घालताना. तेव्हा ते आखूड झालेलं असतं आणि बोटं रोलरपासून वितभरावर असतात. तोंडापाशी लांब, अरुंद फनेल बसवून घ्या, हात पोचणारच नाही इतकं लांब. स्विच ऊस घालणाऱ्याच्या डाव्या हाताला, डोळे न वळवता सापडेल असा हवा. मोटरच्या पट्ट्यावर जाळी हवी. आणि रोलरचे बोल्ट सैल करणारा पाना चरकाच्या अंगालाच टांगलेला हवा, खोक्यात नको. हात अडकला तर आधी मोटर बंद, मग बोल्ट सैल. ओढायचं नाही. ओढून काढलेल्या हाताची कातडी मागे राहते. हे सगळं तुमच्यासाठीही आहे, भाच्यासाठीच नाही.

शिक्षेचं थोडक्यात. १४ च्या आतल्याला कामावर ठेवलं किंवा किशोरवयीनाला धोकादायक कामावर ठेवलं तर मालकाला सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा २० ते ५० हजार दंड, किंवा दोन्ही. पुन्हा केलं तर एक ते तीन वर्षं. गुन्हा दखलपात्र आहे. मुलाला डांबून कामाला ठेवलं किंवा त्याची मजुरी अडकवली तर बाल न्याय कायद्याचं कलम ७९ आहे: पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड, आणि तिथे मूल म्हणजे १८ च्या आतलं कुणीही. तक्रारीसाठी १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहे, केंद्राचं पेन्सिल पोर्टल आहे, जिल्ह्याला सरकारी कामगार अधिकारी आहेत. भाच्याचा पगार महिन्याअखेर अडकला तर "जाऊ दे, ओळखीचा आहे" म्हणून सोडू नका.

ताईंना माझं उत्तर असं सांगा: फाउंड्री, प्लेटिंग किंवा प्रेस असेल तर नाही. साधं मशीन शॉप असेल, वेळ नऊ ते तीन होणार असेल, आणि त्याला शिकवणारा एक ठरलेला जुना माणूस असेल, नावानिशी, तर जाऊ दे. पहिला आठवडा फक्त फाइलिंग आणि मोजमाप, मशीन नाही. आणि भाच्याला एक वाक्य घरूनच पाठ करून पाठवा: "मला ते शिकवलं नाही, मी हात लावणार नाही." सोळाव्या वर्षी मोठ्या माणसाला हे म्हणणं फार जड जातं. म्हणून मालकासमोरच, पहिल्या दिवशी, त्याच्याकडून एकदा मोठ्याने म्हणवून घ्या.

त्याआधी मालकाला फोन करून विचारा, तुमच्याकडे प्रेस आहे का, ग्राइंडिंग होतं का, पोराला कुणाच्या हाताखाली देणार? "कशाला एवढं विचारताय, आपलंच पोर आहे" असं उत्तर आलं तर तिथेच थांबा. "या, बघून जा" म्हणाला तर जेवणाच्या सुट्टीत जा, मशीन बंद असताना, भाच्याला घेऊन. बेंच ग्राइंडरचा टूल रेस्ट (हत्यार टेकवायची पट्टी) आणि चाक यांच्यामधली फट बघा, तीन मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर तिथे कुणी काही तपासत नाही. मग गार्ड कुठे आहेत ते बघा. मशीनवर असतील तर मालकाशी वेळेचं बोला. बाकाखाली धूळ खात पडलेले असतील तर चहाला थांबू नका.